जुना कॅमेरा : एका शौकाचा इतिहास

फोटो काढणे आज इतके सोपे झाले आहे की, त्यासाठी एकेकाळी विद्या, मेहनत आणि पदरचा पैसा खर्ची पडत असे, याचा विसर पडावा. खिशातला मोबाईल दिवसाला शंभर फोटो टिपतो. तरीही अलीकडे काही तरुण मुले-मुली घरच्या कपाटातला जुना कॅमेरा बाहेर काढून त्याचा रोल कोठे मिळेल, अशी चौकशी करताना दिसतात. वडीलधाऱ्यांना हा निव्वळ हट्ट वाटतो. परंतु या शौकाचा इतिहास पाहिला म्हणजे कळून येते की, त्यातील आनंद आणि मनस्ताप एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. आणि शिक्षण घडते ते त्या मनस्तापातूनच.

या इतिहासाचा आरंभ कॅमेऱ्यापासून नव्हे, तर अंधाऱ्या खोलीपासून होतो. इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे जन्मलेले व पुढे कैरोत राहिलेले थोर शास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांनी ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशशास्त्रावरील ग्रंथ लिहिला. त्यांनी अनेक दिवे मांडून त्यांचा प्रकाश एका छिद्रातून अंधाऱ्या जागेत पाडला. एक दिवा झाकला की समोरचा नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होई. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि अनेक दिव्यांचे किरण एकाच छिद्रातून गेले तरी एकमेकांत मिसळत नाहीत, हे त्यांनी असे प्रयोगाने दाखविले. हा ग्रंथ लॅटिन भाषांतराच्या रूपाने युरोपात पोहोचला व १५७२ साली छापला गेला. ‘कॅमेरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी खोली असा आहे.

समोर पडलेले चित्र कायमचे धरून ठेवण्याची रीत जगासमोर यावयास मात्र १८३९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पॅरिस येथे दागेर यांची रीत जाहीर झाली. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळावर होते. लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. म्हणजे हा हुनर आपल्याकडे आला तो विद्येच्या दारातूनच.

तथापि तो सर्वांच्या आवाक्यातला नव्हता. त्या काळी काचेवर कलोडियनचा चिकट थर देऊन ती रुप्याच्या क्षारात बुडवीत. ही काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच ती धुवायची. हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात ती लवकर सुके. बाहेरगावी जायचे तर काळा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि हमाल एवढा सरंजाम लागे. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह यांच्यासारखे राजेरजवाडे, बडे अधिकारी, डॉक्टर यांनाच हा शौक परवडत असे.

मुंबईची सोसायटी जन्मली त्याच १८५४ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांचा जन्म झाला. त्यांनी १८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. आत शंभर फोटोंचा रोल. तो संपला की कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. दहा डॉलरमध्ये फोटो तयार होऊन नवा रोल भरून कॅमेरा परत येई. पुढे १९०० साली त्यांनी एक डॉलरचा, पुठ्ठ्याचा ‘ब्राउनी’ काढला, तोही मुख्यतः मुलांसाठी. पहिल्याच वर्षी तो लाखाहून अधिक खपला. १९०१ च्या ‘नंबर २ ब्राउनी’साठी जो १२० क्रमांकाचा रोल निघाला, तो आजही तयार होतो. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कॅमेरा आजच्या रोलवर चालावा, ही या शौकातील एक मौजच म्हटली पाहिजे.

जर्मनीतील ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा लहानसा लायका कॅमेरा घडविला. तो १९२५ साली विक्रीस आला. त्याची एक नक्कल शिक्षणप्रेमींनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. युक्रेनमधील खार्किव्ह येथे अंतोन माकारेंको हे शिक्षणतज्ज्ञ निराधार व रस्त्यावर वाढलेल्या मुलांची वसाहत चालवीत. मुले दिवसाचा काही भाग वर्गात व काही भाग कारखान्यात घालवीत. याच वसाहतीत १९३४ पासून ‘फेड’ नावाचे कॅमेरे मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. ज्यांना समाजाने वाया गेलेले मानले, त्या मुलांच्या हातून असे बारीक काम झाले!

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती, त्यामुळे परदेशी कॅमेरे व फिल्म दुर्मीळ असत. मध्यमवर्गीय घरात कॅमेरा पोहोचला तो बडोद्यास तयार होणाऱ्या ‘आग्फा क्लिक थ्री’च्या रूपाने. एका रोलवर चौकोनी बारा फोटो, बॅटरी नाही, फारशी जुळवाजुळव नाही. सरकारने १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली व उटीच्या थंड हवेत १९६७ पासून ‘इंदू’ फिल्म बनू लागली. शाळेचे स्नेहसंमेलन, निकाहची मजलिस, हजला निघालेल्या बुजुर्गांना निरोप — अशा कितीतरी प्रसंगांच्या आठवणी या लहान रोलांनीच जपल्या.

बारा फोटो म्हणजे बाराच. म्हणून बटण दाबण्यापूर्वी ऊन कोणत्या बाजूचे आहे, माणसे किती अंतरावर आहेत, कोणाचे डोळे मिटले तर नाहीत, याचा विचार करावा लागे. नंतर रोल धुवायला टाकायचा आणि वाट पाहायची. त्यात कधी रोल पुढे सरकविण्याचा राहून एकावर एक दोन चित्रे उमटलेली, कधी उजेड शिरून अर्धा रोल काळवंडलेला. पण उरलेल्या फोटोंतून एखादा चेहरा जसाच्या तसा हाती आला की सारा हिरमोड विसरला जाई.

आज जुना कॅमेरा वापरणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या आहेत. कोकणच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते व फार दिवस राहिल्यास काच कायमची खराब करते. घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला बारीक भोके पडतात. अंधाऱ्या खोलीत आत बॅटरीचा उजेड पाडला की ती दिसतात. कित्येक जुन्या प्रकाशमापकांना लागणाऱ्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. दुरुस्त करणारे कारागीर थोडे उरले, रोल महाग झाले.

हा बदल एका दिवसात झाला नाही. कोडॅकमधील तरुण अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा बनविला. एक चित्र टेपवर उतरण्यास त्याला २३ सेकंद लागत. त्याच कोडॅकवर २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. उटीचा कारखानाही बंद पडला. तरी शौक संपला नाही. कोडॅकने २०१८ साली बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म पुन्हा आणली आणि २०२४ साली पेंटॅक्सने फिल्मवर चालणारा नवा कॅमेरा बाजारात आणला.

विद्यार्थी मित्रांनो, मोबाईल टाकून द्या, असे कोणी म्हणणार नाही. परंतु घरात जुना कॅमेरा असेल तर निदान एक रोल त्यावर काढून पाहा. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील छिद्र, भिंग आणि सरळ रेषेत जाणारा किरण तुम्हाला हाताने अनुभवता येईल. चुकलेला फोटो का चुकला, हे शोधता शोधता संयमही अंगी येईल.

पालकांना एकच विनंती. घरातील जुने निगेटिव्ह रद्दीत जाऊ देऊ नका. ते कोरड्या, थंड जागी कागदी पाकिटात ठेवा आणि पाकिटावर कोण, कोठे, कोणत्या साली, एवढे लिहून ठेवा. आजी-आजोबा हयात आहेत तोवर त्यांना विचारून ही नावे लिहिली गेली पाहिजेत. आपल्या वस्त्यांचा, शाळांचा आणि माणसांचा इतिहास मोठ्या ग्रंथांत क्वचितच सापडतो. तो अशा पाकिटांतच पडून आहे. नावे विसरली गेली की फोटो उरतो, इतिहास उरत नाही.