जुन्या बुलेटचा पिस्टन बदलताना
मद्रासमध्ये १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फिल्ड इंडियाच्या बुलेट ३५० या मोटारसायकलीच्या जुन्या इंजिनात सिलिंडर बिडाचा, तर पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनचा पल्ला ९० मिलिमीटर असून इंजिनाची क्षमता ३४६ सीसी भरते. झिजलेला सिलिंडर बोअर करून त्यात वाढीव मापाचा पिस्टन बसविला जातो. मात्र व्यास एक मिलिमीटरने वाढला, तरी क्षमतेत जेमतेम १० सीसींची भर पडते. उलट प्रत्येक बोअरिंगमध्ये सिलिंडरची भिंत पातळ होत जाते. त्यामुळे झिजेपुरतेच, लहानात लहान वाढीव माप निवडणे हिताचे ठरते.

फोर्ज्ड म्हणजे घडीव पिस्टन ओतीव पिस्टनहून मजबूत असला, तरी तापल्यावर तो सहसा अधिक फुगतो. म्हणून त्याच्याभोवती जास्त मोकळी जागा ठेवावी लागते. ती अपुरी राहिल्यास पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून धावत्या गाडीचे मागचे चाक जाम होऊ शकते. यासाठी आधी पिस्टन आणावा, उत्पादकाने सांगितलेली मोकळीक पाहावी आणि मगच त्या मापाने बोअरिंग करून घ्यावे.