विश्रांतीकडून चालण्याकडे : पायांच्या जुनाट नीलाविकारावरील उपचारांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पायांतील नीलांच्या झडपा निकामी झाल्या की हृदयाकडे जाणारे रक्त पायातच साचू लागते. शिरा फुगतात (व्हेरिकोज व्हेन्स), सूज येते, त्वचा काळवंडते आणि काही रुग्णांत घोट्याजवळ लवकर न भरणारी जखम होते. अशा रुग्णाने पडून राहावे की चालावे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच उपजीविकेचाही होता. त्याच्या उत्तराचा इतिहास प्रस्तुत लेखात तपासला आहे.

विषय विवेचन :
हिपोक्रेटिसच्या परंपरेतील जखमांविषयीच्या ग्रंथात पायाला जखम असणाऱ्याने उभे राहणे, बसणे व चालणे ही तिन्ही वर्ज्य मानून विश्रांती सांगितली आहे. पाय उंच ठेवल्यास रक्त सहज परतते, हे खरेच आहे. परंतु महिनोन्‌महिने पडून राहणे हातावर पोट असणाऱ्यास परवडणारे नव्हते. पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी १६०३ मध्ये नीलांतील झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांचे शिष्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये त्या झडपांचे कार्य स्पष्ट केले.

१७९७ मध्ये ब्रिस्टलचे शल्यचिकित्सक थॉमस बेंटन यांनी जखमेवर व पायाभोवती चिकट पट्ट्या घट्ट आवळण्याची पद्धत मांडली. तिचे वैशिष्ट्य असे की, रुग्णास अंथरुणाला खिळून राहावे लागत नसे.

यामागील कारण विसाव्या शतकात मोजता आले. १९४९ मध्ये पोलॅक व वुड यांनी घोट्याजवळील नीलेतील दाब मोजला. स्तब्ध उभे असताना सुमारे ९० मिलिमीटर (पारा) असणारा हा दाब निरोगी व्यक्तीत चालताना ३० च्या खाली येतो, कारण पोटरीचे स्नायू पंपाप्रमाणे रक्त वर ढकलतात. झडपा निकामी असल्यास ही घट अपुरी राहते. म्हणजेच प्राचीन ग्रंथाने एकाच पंक्तीत बसविलेले उभे राहणे व चालणे प्रत्यक्षात परस्परविरोधी ठरले.

१९९० च्या दशकात रुग्णाचा अनुभवही मोजला जाऊ लागला. १९९३ ची अ‍ॅबर्डीन प्रश्नावली व १९९६ ची फ्रान्समधील २० प्रश्नांची ‘सिव्हिक’ प्रश्नावली ही त्याची उदाहरणे होत. सिव्हिकमध्ये वेदना, शारीरिक हालचाल, मनःस्थिती व सामाजिक व्यवहार यांचा विचार केला आहे. २००४ मधील अमेरिकेतील एका लहान चाचणीत सहा महिन्यांच्या व्यायामाने पोटरीचा पंप सुधारला. जीवनमानाच्या गुणांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

निष्कर्ष :
स्नायूंची सुधारणा आणि जीवनाची सुधारणा या भिन्न गोष्टी आहेत. त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक ठरते. तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्या शिक्षक, कामगार व पहारेकऱ्यांना केवळ ‘चालत जा’ असे सांगणे पुरेसे नाही. कामाच्या वेळेत चार पावले चालण्याची मुभाही त्यांना मिळाली पाहिजे.