चाक काय म्हणतंय?

साठच्या पुढे काटा गेला की गाडीच्या पोटातून 'घुंऽऽ' असा आवाज सुरू होतो. ऐंशीला तो चढतो, वेग उतरला की उतरतो. हा आवाज टायरचा असेल तर फार घाबरायचं कारण नाही, खर्च पुढच्या महिन्यावर ढकलता येतो. बेअरिंगचा असेल तर चाक धावता धावता जाम होऊ शकतं, किंवा हबसकट निखळूही शकतं. पंचाईत अशी की दोघांचे आवाज सख्ख्या भावांसारखे. त्यात गाडी कॅम्पर व्हॅन असली की विचारूच नका. मागे पलंग, पाण्याची टाकी, प्लायवूडची कपाटं. रिकाम्या पत्र्याचा डबा खालचा प्रत्येक आवाज घुमवून वर पाठवतो, आणि आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे कळतच नाही.

आम्हा तिघा मित्रांची अशी एक जुनी ट्रॅव्हलर आहे. ती वर्षातले सात-आठ महिने वेवजीत, एका ओळखीच्यांच्या वाडीत उभी असते. वेवजी तलासरी तालुक्यात, अगदी गुजरातच्या कुशीत. 1960 साली राज्यं वेगळी झाली तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातला गेला आणि ही गावं इकडे राहिली. जवळचं उंबरगाव स्टेशन तिकडे, तालुक्याचं ठिकाण आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग इकडे. एका बाजूला लोहमार्ग, दुसऱ्या बाजूला महामार्ग, मधे खड्ड्यांचे गावरस्ते. चाकाच्या आवाजाचा अभ्यास करायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

मुळात चाकाने आवाज करू नये, ही अपेक्षाच नवी आहे. बैलगाडीचं चाक बोलायचंच. लाकडी तुंबा लोखंडी आखावर घासत फिरायचा, त्यावर आऱ्या, बाहेरून लोहाराने तापवून चढवलेली धाव. गाडीखाली वंगणाचा नळा लटकलेला असे आणि कुरकुर वाढली की गाडीवान उतरून आखाला वंगण लावी. वंगण संपलं हे कळायचं साधन म्हणजे कान. गाडी गप्प असेल तर ती उभी आहे, एवढाच गप्प असण्याचा अर्थ.

पुढे रेल्वे आली, पण प्रश्न तोच राहिला. बीबीसीआयचा लोहमार्ग 1864 मध्ये मुंबईपर्यंत पोचला, तेव्हा जगभर डब्यांचे आख मऊ धातूच्या खोबणीत, तेलावर फिरत. तेल आटलं की ॲक्सल बॉक्स तापायचा, प्रसंगी पेटायचा. आजही मोठ्या स्टेशनात गाडी शिरताना रुळांच्या दोन्ही बाजूंना कर्मचारी उभे असतात. ते चाकांचा आवाज ऐकत असतात आणि कुठला बॉक्स गरम झालाय ते बघत असतात. आपण फलाटावर चहा शोधत असतो, म्हणून ते दिसत नाहीत.

घासण्याऐवजी गोळ्यांवर गडगडणारा आख ही कल्पना जुनीच. वेल्समधल्या फिलिप वॉन या लोखंड-कारखानदाराने 1794 मध्ये घोडागाडीच्या आखासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं होतं. पण एकाच मापाच्या, खरोखर गोल गोळ्या करायच्या कशा? ते यंत्र फ्रिडरिश फिशरने जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात 1883 मध्ये बनवलं आणि बेअरिंग सायकलीपासून सगळीकडे शिरलं. साठ वर्षांनी याच गावातले कारखाने उडवायला अमेरिकेने विमानं धाडली. 14 ऑक्टोबर 1943 या एका दिवसात त्यांनी 60 बॉम्बर गमावले, तेही बेअरिंगसाठी. बेअरिंग थांबलं की रणगाडाही थांबतो, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

आपल्या आवाजाच्या दृष्टीने मात्र खरा माणूस हेन्री टिमकेन. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात त्याचा बग्ग्या बनवायचा धंदा होता. जड गाडी सरळ जाते तेव्हा चाकावर भार वरून येतो, पण वळते तेव्हा चाकाला बाजूनेही रेटा बसतो. साध्या गोल रोलरना हा आडवा रेटा सोसत नाही. 1898 मध्ये टिमकेनने निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. शंकूच्या आकाराचे रोलर तिरके बसवले की वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही एकत्र पेलले जातात. आपण ज्यांना टेपर बेअरिंग म्हणतो ती हीच. ट्रक आणि जड व्हॅनच्या चाकांत ती आजही सर्रास असतात.

आणि चाक तपासायची सगळ्यात चांगली युक्ती याच आडव्या रेट्यावर उभी आहे. मोकळा, सरळ रस्ता बघा. मागे-पुढे कोणी नाही याची खात्री करा. आवाज येतो त्या वेगाला गाडी स्थिर ठेवा आणि स्टिअरिंग हळूच डावीकडे, मग उजवीकडे द्या. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर झुकतं. तेव्हा आवाज वाढला आणि उलट बाजूला वळताना कमी झाला, तर संशय उजव्या बेअरिंगवर. टायरचा आवाज अशा झोक्याने सहसा एवढा बदलत नाही. कॅम्परमध्ये हे करताना कपाटं बंद आहेत ना ते आधी पाहा, नाहीतर पातेली अंगावर येतात.

टायरचा आवाज बदलतो तो रस्त्याने. डनलॉपने 1888 मध्ये हवेचा टायर आणला आणि लोखंडी धावेचा खडखडाट गेला. पण रबराच्या नक्षीने स्वतःचा सूर आणला. थोडं गणित करू, सवयच आहे. सत्तर सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी 60 किलोमीटरला सेकंदात साडेसात फेऱ्या मारतं. नक्षीचे साठ ठोकळे धरले तर सेकंदाला साधारण साडेचारशे ठोके पडतात, म्हणजे चांगला चढा सूर. तो एकसुरी होऊ नये म्हणून कंपन्या ठोकळे मुद्दाम लहानमोठे करतात. टेपर बेअरिंगमध्ये वीस रोलर धरा, आणि बाहेरच्या कड्यावर एक खड्डा पडलाय असं समजा. त्यावरून सेकंदाला साठेक रोलर जातात. हा खर्ज, दळणाच्या चक्कीसारखा. फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपमध्ये हे दोन डोंगर वेगळे दिसू शकतात. पण फोन खिशात ठेवूनही चालतं, कारण रस्ताच मदतीला येतो. मुंबईपासून तलासरीकडे या महामार्गावर गेल्या काही वर्षांत डांबरावर काँक्रीट चढवलं गेलं. डांबर आणि काँक्रीट यांच्या सांध्यावर टायरचा सूर एका झटक्यात बदलतो. बेअरिंगला खाली काय अंथरलंय याच्याशी देणंघेणं नसतं.

आमच्या गाडीत सांधा ओलांडला तेव्हा वरचा सूर बदलला आणि खालची घरघर तशीच राहिली. गाडी न्यूट्रलला टाकली तरी ती थांबली नाही, म्हणजे इंजिन सुटलं. डावीकडे झोक दिला की वाढायची. थांबल्यावर हबजवळ हात नेला, टेकवला नाही, तर उजवं पुढचं चाक इतर तिघांपेक्षा स्पष्ट गरम.

तलासरीतल्या मिस्त्रींनी जॅक लावला, खाली स्टँड दिला, चाक वर-खाली धरून हलवलं. किंचित खुळखुळ. मग एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवली. "दादा, बोट ठेवा," म्हणाले. स्प्रिंगमधून वाळू दळल्यासारखं बोटाला लागत होतं. हब उघडलं तर ग्रीस दुधाळ. पावसाळ्यात तापलेलं हब ओढ्याच्या पाण्यात शिरलं की आतली हवा गार होऊन आकसते, आणि सील जुनं असेल तर पाणी आत ओढलं जातं. कड्यावर गंजाचे काळे डाग आणि एका जागी पोपडा निघालेला.

आतलं-बाहेरचं दोन्ही बेअरिंग कड्यांसकट बदललं, सील नवं घातलं. नट आवळताना मिस्त्री चाक फिरवत राहिले, घट्ट झाल्यावर थोडा मागे घेतला आणि मग पिन घातली. फार आवळलं तर बेअरिंग तापून जळतं, सैल ठेवलं तर चाक डुलतं. टायरवरूनही त्यांनी तळवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीचे दात. महिनोन्महिने एका जागी उभी राहिल्याने एक बाजू थोडी चपटीही झालेली. अलाइनमेंट करा, शॉकअप बघून घ्या, टायर दिवाळीपर्यंत चालतील, असं त्यांचं मत पडलं.

परत येताना घरघर गेली होती. टायर मात्र अजून गातात, काँक्रीटवर जरा जास्तच.