प्लेगचा जंतू आणि तापमान

सूक्ष्मजंतूंना ज्ञानेंद्रिये नसतात. तरीही सभोवतालचे तापमान, अम्लता किंवा क्षारांचे प्रमाण बदलले की त्याची नोंद त्यांच्या कोशिकेत होते व त्यानुसार काही जनुकांचे कार्य सुरू होते, तर काहींचे थांबते. या गुणधर्माचे महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत भीषण उदाहरण म्हणजे प्लेगचा जंतू (यर्सिनिया पेस्टिस) होय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. लवकरच तो घाटावर पुण्यास पोहोचला. बोरघाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्येच आली होती. तेथून पुढे प्रवासी पालखीतून वा पायी घाट चढत. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पुरा झाल्यावर हा अडसर उरला नाही. पुढील सुमारे पंचवीस वर्षांत भारतात या रोगाने जवळजवळ एक कोटी माणसे दगावली.

रोग घाटाच्या दोन्ही अंगांस पसरला, परंतु त्याचा ऋतू एकच नव्हता. मुंबईत साथ हिवाळ्यात वाढून मार्चच्या सुमारास शिगेला पोहोचे व उन्हाळ्यात ओसरे. पुण्यात मात्र नंतरच्या अनेक साथींचा जोर पावसाळ्यात व त्यानंतर दिसून आला. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सीमाँ यांनी कराची येथे दाखविले होते. १९०५ पासून प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी परळ येथे केलेल्या प्रयोगांनी ते निर्विवाद ठरले. १९१४ मध्ये बॅकट व मार्टिन यांना असे आढळले की, जंतूंच्या चिकट गोळ्याने पिसूच्या जठराचे तोंड बुजते. भुकेलेली पिसू वारंवार चावते व ओढलेले रक्त जंतूंसह जखमेत परत लोटते. हा गोळा थंड हवेत चांगला धरतो आणि तापमान सु. २८° से.च्या वर गेले की विरू लागतो. पुण्याचा पावसाळा मुंबईच्या पावसाळ्यापेक्षा थंड असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अर्थात कोरड्या उष्ण हवेत पिसवाही लवकर मरतात. तेव्हा ऋतुभेदाचे सर्व श्रेय जंतूला देणे बरोबर नाही.

व्हाल्डेमार हाफकीन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांपासून जंतूंची वाढ गुहेच्या छतावरील चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे खाली लोंबते. अशी वाढ कित्येक आठवडे होऊ देऊन ती उष्णतेने मारली जाई. त्या काळी हे काम साध्या खोलीच्या तापमानात चाले. जंतू पिसूत असतो तेव्हाच्या तापमानाशी ते जुळणारे होते, माणसाच्या शरीराच्या तापमानाशी नव्हे. या फरकाचे महत्त्व १९३२ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरी शूट्झ यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. ३७° से. तापमानात जंतूभोवती एक प्रथिनमय आवरण तयार होते, कमी तापमानात ते जवळजवळ नसते. आणि शरीरात संरक्षण निर्माण करण्यास हेच आवरण विशेष उपयोगी पडते. हाफकीन यांच्या लशीने मृत्यू पुष्कळ कमी केले हे खरे. पण जो जंतू माणसाला मारतो त्याचे रूप तिच्यात पुरतेपणी उतरलेले नव्हते.

तापमान ओळखण्याची यंत्रणा बऱ्याच उशिरा उलगडली. रोगकारक प्रथिनांच्या जनुकांवर हुकमत असणारे एक नियामक प्रथिन या जंतूत असते. त्याचा संदेश वाहणारा रिबोन्यूक्लिइक अम्लाचा रेणू थंड वातावरणात स्वतःभोवतीच दुमडलेला असतो, त्यामुळे प्रथिन बनविणाऱ्या यंत्रणेस त्यावर बसता येत नाही. ३७° से. जवळ ही घडी सैल होते व प्रथिन तयार होऊ लागते. अशा रेणूस तापमापीच म्हणता येईल. हे तत्त्व १९९३ मध्ये पुढे आले. याच तापमानात जंतूच्या बाह्य पटलातील मेदयुक्त रेणूंची रचनाही बदलते. त्यामुळे शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला वेळेवर ओळखत नाही. गाठ सुजून ताप चढेपर्यंत जंतू पुष्कळ वाढलेले असतात. म्हणूनच स्ट्रेप्टोमायसिनासारखी प्रतिजैविके रोगाचा संशय येताच, प्रयोगशाळेच्या निदानाची वाट न पाहता, सुरू करतात.