प्रथिनांचे दप्तर

रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायू कसा धरून ठेवते आणि कसा सोडते, हे आज कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला त्या रेणूची त्रिमिती रचना पडद्यावर फिरवून, एकेका अणूपर्यंत जाऊन, आणि एक पैही न मोजता पाहता येते. या सोयीचे श्रेय आपण सहजच यंत्राला देऊन मोकळे होतो. परंतु ज्या भांडारातून ही रचना त्याच्यापुढे येते, ते यंत्राने उभे केलेले नाही. आपल्या हाती आलेला पुरावा आपल्यापाशी न ठेवता सर्वांच्या दप्तरी दाखल करावा, या एका रिवाजाने ते उभे केले आहे, आणि हा रिवाज आंतरजालापेक्षा बराच जुना आहे.

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून त्याच्या अंतर्रचनेचा माग काढता येईल, अशी आशा १९३४ साली जे. डी. बर्नाल व डोरोथी क्रोफुट यांनी घेतलेल्या पेप्सिनच्या छायाचित्राने प्रथम निर्माण केली. तथापि ती फळास येण्यास जवळजवळ पाव शतक जावे लागले. केंब्रिज येथे जॉन केंड्रू यांनी देवमाशाच्या स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाची स्थूल आकृती १९५८ साली आणि तिचा सूक्ष्म तपशील १९६० साली उलगडला, त्याच सुमारास मॅक्स पेरुत्झ यांनी हीमोग्लोबिनचे कोडे सोडविले, आणि १९६२ साली उभयतांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. केंड्रू यांनी आपल्या रेणूची जी प्रतिकृती रचली, ती सहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तितकीच उंच असून तिच्यात सुमारे अडीच हजार उभ्या सळया होत्या; त्या सळयांच्या दाटीत मूळ रेणूच नीट दिसेनासा होई. ज्याला तो पाहून शिकायचे असेल त्याने केंब्रिजला जावे, इतरांनी छापील छायाचित्रावर समाधान मानावे, अशी त्या काळची स्थिती होती. अणूंच्या स्थानांचे प्रत्यक्ष आकडे हवे असल्यास संशोधकाशी पत्रव्यवहार करावा लागे, आणि त्याची मर्जी झाली तर एका अणूला एक या हिशेबाने छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा टपालाने येई. एकट्या मायोग्लोबिनचे असे पत्ते हजारांवर भरत.

ज्ञान व्यक्तिगत मर्जीवर अवलंबून राहणे योग्य नव्हे, ही जाणीव मात्र हळूहळू मूळ धरीत होती. १९६५ साली केंब्रिजमध्ये ओल्गा केनार्ड यांनी लहान रेणूंच्या स्फटिकरचनांची पद्धतशीर नोंद ठेवण्यास आरंभ केला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ यांनी ६५ प्रथिनांतील अमिनो आम्लांचे क्रम एकत्र करून ते ग्रंथरूपाने छापले. पुढे जून १९७१ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे प्रथिनांच्या त्रिमिती रचनेवर परिषद भरली असता सामाईक दप्तराची निकड तेथे जमलेल्या विद्वानांनी बोलून दाखविली, आणि ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील वॉल्टर हॅमिल्टन यांनी ती जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ‘प्रोटीन डेटा बँक’ स्थापन झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा तिच्यात जमा असलेल्या रचना अवघ्या सात होत्या. दोन वर्षांच्या आत हॅमिल्टन यांचे अकाली निधन झाले. पण त्यांचे सहकारी टॉम कोएट्झल यांनी कारभार हाती घेतला आणि दप्तर बंद पडू दिले नाही.

या दप्तरातील नोंदीचा नमुना लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. प्रत्येक अणूला एक ओळ मुक्रर केलेली असते. तीत प्रथम त्या अणूचा अनुक्रमांक व त्याचे नाव, मग तो ज्या अमिनो आम्लाचा घटक असेल त्याची तीन अक्षरांची खूण, साखळीतील त्याचे स्थान, त्यानंतर अवकाशातील त्याची जागा सांगणारे तीन आकडे, आणि अखेरीस तो अणू आपल्या जागी किती स्थिर किंवा अस्थिर आहे याचा अंदाज देणारा आकडा, असा क्रम असतो. छिद्रांच्या पत्त्यावर ८० रकाने मावत, म्हणून ही ओळही ८० रकान्यांची झाली, आणि पत्ते काळाआड गेल्यावरही तीच चौकट पुढे कित्येक दशके चालू राहिली. सातबाऱ्याच्या उताऱ्यात जशी जमिनीच्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठराविक रकान्यांत असते आणि ती वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याची ओळख असावी लागत नाही, तशीच ही व्यवस्था होय. नोंद एकाच नमुन्यात असल्यामुळेच परक्या देशातील, परक्या पिढीतील अभ्यासकाला ती वाचता आली.

परंतु दप्तर उघडले म्हणून सर्वांनी आपण होऊन दाखले आणून दिले, असे झाले नाही. एकेका स्फटिकासाठी वर्षानुवर्षे झिजलेल्या माणसाला, आपल्या आकड्यांवरून दुसऱ्यानेच पुढचा शोध लावावा, ही कल्पना जाचक वाटे, आणि त्याचे हे वाटणे सर्वस्वी गैरवाजवी म्हणता येणार नाही. तथापि जो निष्कर्ष पडताळून पाहता येत नाही तो विज्ञानाच्या दरबारात ग्राह्य कसा धरावा, हा प्रश्नही तितकाच रास्त होता. १९८० नंतरच्या दशकात हा वाद ऐरणीवर आला आणि स्वतः संशोधकांनीच सक्तीची मागणी लावून धरली. १९८९ साली स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम ठरवून दिले: लेख छापताना नोंद दाखल झालीच पाहिजे, मात्र अणूंची स्थाने खुली करण्यास फार तर एक वर्षाची मुदत मिळेल. नियतकालिके आणि अनुदान देणाऱ्या संस्था यांनी हळूहळू या नियमाचा पाठपुरावा केला, आणि एके काळी मेहेरबानी असलेली गोष्ट कर्तव्य होऊन बसली.

या इतिहासात भारताचाही वाटा आहे, आणि तो मानाचा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी रामकृष्णन व शशिशेखरन या सहकाऱ्यांसह १९६३ साली एक आलेख प्रसिद्ध केला. प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत अणू परस्परांवर आदळल्यामुळे वळू शकत नाही, हे त्या आलेखावरून एका दृष्टिक्षेपात कळते. आज दप्तरात येणाऱ्या प्रत्येक नव्या प्रथिनरचनेची जी तपासणी होते, तिच्यात हा ‘रामचंद्रन आलेख’ अनिवार्य कसोटी म्हणून वापरला जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी यॉर्कच्या सहकाऱ्यांसमवेत पेनिसिलिन व्ही ॲसायलेज या विकराची रचना १९९९ साली प्रसिद्ध केली, तीही याच दप्तरी दाखल आहे.

यानंतरची हकीकत बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. चुंबकीय फितींवरून टपालाने जाणारे हे दप्तर आंतरजालावर आले. २००० सालच्या जानेवारीपासून डेव्हिड गुडसेल यांनी दर महिन्यास एकेका रेणूची सचित्र ओळख करून देण्यास प्रारंभ केला आणि पहिला मान मायोग्लोबिनलाच दिला. २००३ साली अमेरिका, युरोप व जपान येथील केंद्रांनी मिळून एकच दप्तर राखण्याचा करार केला. आणि आज तेथील रचनांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे. कोरोनाच्या विषाणूतील एका महत्त्वाच्या विकराची रचना फेब्रुवारी २०२० च्या पहिल्याच आठवड्यात सर्वांना खुली झाली. केवळ क्रमावरून प्रथिनाची घडी वर्तविणारी आल्फाफोल्ड ही संगणकीय पद्धत, जिच्या निर्मात्यांना २०२४ सालचे नोबेल मिळाले, तीसुद्धा या दप्तरात पन्नास वर्षे साचलेल्या नोंदींवरच शिकून तयार झाली.

म्हणून आपल्या शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थ्याला रेणूचे रंगीत चित्र दाखवून थांबू नये, त्या चित्रामागची नोंदही त्याच्याकडून वाचून घ्यावी. पाठ्यपुस्तकातील आकृती निष्कर्ष तेवढा सांगते. नोंदीत मात्र तो कोणी काढला, कोणत्या पद्धतीने काढला, त्याची सूक्ष्मता किती आणि रेणूचा कोणता भाग शेवटपर्यंत दिसलाच नाही, हे सारे उघडपणे लिहिलेले असते. निष्कर्ष पाठ करणारा विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण होईल. पण पुरावा वाचण्याची ज्याला सवय लागली, तोच पुढे आपल्या शोधाचा दाखला त्या दप्तरात जमा करण्यास पात्र होईल.