मिनी ट्रॅक्टरसाठी पुढचे ब्लेड कसे निवडावे?

तलावातून आणलेला गाळ शेतात पसरवणे, उंचवटे काढणे, फुटलेला धुरा बांधणे, पांदण नीट करणे, शेणखताचा ढीग सारणे ही कामे उन्हाळ्यात एकाच वेळी येतात. त्यासाठी जेसीबी भाड्याने आणावा लागतो किंवा मजूर लावावे लागतात. त्यामुळे १५ ते ३० एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला पुढे ब्लेड बसवण्याकडे बरेच शेतकरी वळत आहेत. ब्लेड घेताना मात्र ट्रॅक्टरचे एचपी पाहून चालत नाही. ट्रॅक्टरचे वजन, कोणती चाके चालतात आणि ब्लेड कशाला जोडले आहे, या तीन गोष्टींवर त्याचे काम अवलंबून असते.

बर्फाचे ब्लेड आणि मातीचे ब्लेड

मोबाईलवर दिसणाऱ्या व्हिडिओंत लहान ट्रॅक्टरपुढे रुंद, उंच ब्लेड लावून रस्ता झपाट्याने साफ होताना दिसतो. त्यातले बरेच ब्लेड परदेशातील बर्फ हटवण्यासाठी बनवलेले असतात. ताज्या बर्फाचे वजन एका घनमीटरला साधारण १०० किलो किंवा त्याहून कमी असते. मोकळ्या काळ्या मातीचे वजन सुमारे १,२०० किलो आणि ओल्या गाळाचे सुमारे १,६०० किलो भरते. म्हणजे त्याच ब्लेडपुढे बारा ते सोळा पट ओझे येते. शिवाय बर्फाचे ब्लेड नुसते सारते. मातीच्या ब्लेडला आधी कापावे लागते आणि मग ढकलावे लागते. म्हणून पातळ पत्र्याचे, रुंद ब्लेड आपल्या शेतात वाकते किंवा ट्रॅक्टर जागीच चाके फिरवतो.

ट्रॅक्टर किती माती ढकलू शकतो?

ब्लेडपुढे जमणाऱ्या मातीचा अंदाज असा काढावा: रुंदी × उंची × उंची × ०.८ (मापे मीटरमध्ये). १.२ मीटर म्हणजे सुमारे ४ फूट रुंद आणि ४० सेंमी उंच ब्लेडपुढे ०.१५ घनमीटर माती राहते. तिचे वजन साधारण १८० किलो भरते. ब्लेड १.५ मीटर रुंद आणि ४५ सेंमी उंच घेतले, तर मोकळी माती सुमारे २९० किलो आणि ओला गाळ सुमारे ३९० किलो होतो.

आता ट्रॅक्टरची बाजू पाहू. घट्ट जमिनीवर चालत्या चाकांवर जेवढे वजन असते, त्याच्या साधारण ४० ते ५० टक्के इतका जोर ट्रॅक्टर लावू शकतो. ८०० किलो वजनाच्या टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर सुमारे ४८० किलो वजन असते. म्हणजे जोर २०० ते २४० किलो मिळतो. हाच ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर ३२० ते ४०० किलोपर्यंत जोर मिळतो. मोकळ्या जमिनीत किंवा चिखलात तो कमी होतो. ढीग ढकलताना माती मातीला घासते आणि पात्याला कापण्यासाठी वेगळा जोर लागतो, हे धरले तर निष्कर्ष असा निघतो:

- टू व्हील ड्राइव्ह, १,००० किलोच्या आतला ट्रॅक्टर: ४ फुटांपेक्षा रुंद ब्लेड घेऊ नये. मोकळी माती, शेणखत, कोरडा गाळ सारणे एवढेच काम धरावे.
- फोर व्हील ड्राइव्ह, त्याच वजनाचा ट्रॅक्टर: ४ ते साडेचार फूट ब्लेड चालते. आधी मोकळी केलेली जमीन सारता येते.
- घट्ट जमीन खोदणे, झुडपे किंवा दगड उपटणे: हे मिनी ट्रॅक्टरचे काम नाही.

रुंदी ठरवताना टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंतचे अंतर मोजावे. ब्लेड तिरपे केले की त्याची कामाची रुंदी घटते. १२२ सेंमी ब्लेड ३० अंश तिरपे केल्यावर सुमारे १०६ सेंमी पट्टा साफ करते. टायरचे माप त्याहून जास्त असेल तर चाक न सारलेल्या मातीवर चढते.

जोडणी: सर्वांत महत्त्वाचा भाग

काही ठिकाणी ब्लेडची चौकट फक्त पुढच्या बंपरला किंवा पुढच्या एक्सलच्या आधाराला बोल्ट करून देतात. ब्लेड दगडाला किंवा खोडाला अडले की सगळा धक्का तिथेच बसतो आणि ओतीव भाग तडकतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंचे दांडे ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागे जाऊन मागच्या एक्सलच्या घराजवळ पक्के झालेले असावेत. म्हणजे धक्का जड भागावर जातो.

ब्लेडच्या वजनाचाही हिशेब करावा. १२० किलोचे ब्लेड पुढच्या एक्सलपासून ६० सेंमी पुढे लटकले आणि दोन एक्सलमधील अंतर दीड मीटर असेल, तर पुढच्या एक्सलवर सुमारे १६८ किलो भार वाढतो आणि मागची चाके सुमारे ४८ किलोने हलकी होतात. स्टिअरिंग जड होते आणि मागची चाके घसरतात. त्यासाठी मागे रोटाव्हेटर जोडलेला ठेवावा, चाकांना लोखंडी वजने लावावीत किंवा मागच्या टायरमध्ये पाणी भरावे.

खरेदीपूर्वी तपासायच्या गोष्टी

- कापणारे पाते: बोल्टने बसवलेले आणि उलटे करून पुन्हा वापरता येणारे असावे. वेल्डिंग केलेले पाते झिजले की संपूर्ण ब्लेड कापावे लागते.
- पत्रा: वक्र, मागून आडव्या-उभ्या पट्ट्यांनी बळकट केलेला असावा. सपाट पत्र्यावर माती गुंडाळली जात नाही, वरून सांडते.
- उचलण्याची सोय: डबल ॲक्टिंग सिलिंडर असावा आणि व्हॉल्व्हला तरंगती स्थिती असावी. या स्थितीत ब्लेड जमिनीच्या चढउताराप्रमाणे वर-खाली होते.
- तिरपेपणा: किमान डावी, सरळ आणि उजवी अशा तीन स्थिती असाव्यात. हाताने पिन बदलण्याची सोय स्वस्त पडते आणि बिघडत नाही.
- रेडिएटर आणि दिवे: ब्लेड वर उचलल्यावर हवा अडू नये, दिवे झाकले जाऊ नयेत.
- सोडवणे: पेरणीच्या वेळी ब्लेड काढावे लागते. दोन माणसांत, थोड्या वेळात निघते का ते दुकानातच करून पाहावे.
- वॉरंटी: ब्लेड बसवल्यावर ट्रॅक्टरची वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

घाटावर आणि घाटाखाली

घाटावरील चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागांत उताराच्या आणि ठिकठिकाणी उथळ जमिनी आहेत. तिथे ब्लेड खोल धरले की वरची सुपीक माती निघून मुरूम उघडा पडतो. थर अगदी पातळ काढावा आणि काम उताराला आडवे करावे. उतारावर ट्रॅक्टर आडवा चालवताना उलटण्याचा धोका असतो, म्हणून तीव्र उतारावर हे काम टाळावे.

घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यातील भारी काळ्या जमिनी ओल्या असताना पात्याला चिकटतात आणि चाकाखाली दबून घट्ट होतात. खारपाणपट्ट्यात आधीच निचरा कमी असतो, तिथे हे नुकसान जास्त जाणवते. मूठभर माती घेऊन तिची गोळी करावी. ती दाबल्यावर चपटी झाली तर काम थांबवावे, फुटून मोकळी झाली तर वाफसा आहे असे समजावे. पूर्ण वाळलेली, ढेकळांची जमीन असेल तर आधी कल्टिव्हेटर फिरवावा आणि मगच ब्लेड लावावे.

गाळ पसरवण्याचा हिशेब

राज्यात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना राबवली जात आहे आणि बुलढाणा जिल्ह्यातही तलावांतील गाळ मोठ्या प्रमाणात शेतात गेला आहे. शेतात टाकलेला गाळ पसरवणे हेच मिनी ट्रॅक्टरच्या ब्लेडचे सर्वांत योग्य काम आहे. मात्र ढीग कुठे टाकायचे ते आधी ठरवावे.

एका एकरावर ५ सेंमी थर देण्यासाठी सुमारे २०२ घनमीटर, म्हणजे ७१ ब्रास गाळ लागतो. एक ब्रास गाळ ५ सेंमी जाडीने साधारण साडेसात मीटर लांब-रुंद जागेवर पुरतो. म्हणून एक ब्रासचे ढीग दोन्ही दिशांना २५ फुटांवर टाकावेत. ४ फुटी ब्लेडला असा ढीग पसरवायला किमान १८ ते २० फेऱ्या लागतात. ढीग बांधाकडेला एकत्र टाकले तर फेऱ्या तेवढ्याच राहतात, पण प्रत्येक फेरी लांबते आणि डिझेल वाढते. गाळ थोडा सुकल्यावरच पसरवावा.

मागचे ब्लेड पुरेसे आहे का?

पुढच्या ब्लेडपूर्वी मागच्या ब्लेडचा विचार जरूर करावा. ते थ्री पॉइंट लिंकेजला बसते, वेगळी चौकट किंवा सिलिंडर लागत नाही, किंमत कमी असते आणि ब्लेडचे वजन चालत्या चाकांवर येते. मोकळी माती ओढणे, पांदण सारखी करणे, हलके सपाटीकरण यांसाठी ते पुरते. पुढच्या ब्लेडचे पुढचे चाक उंचवट्यावर चढले की ब्लेड वर उचलले जाते, खड्ड्यात गेले की खोल रुतते. त्यामुळे अनुभव नसेल तर जमिनीवर लाटा उठतात. ढीग फोडणे आणि कोपऱ्यात, गोठ्यात माल सारणे असेल तेव्हाच पुढचे ब्लेड सरस ठरते. सिंचनासाठी अचूक सपाटी हवी असेल तर लेझर लेव्हलर भाड्याने घ्यावा.

वर्षातील कामाचे तास मोजावेत. ब्लेडच्या किमतीला जेसीबीच्या तासाच्या भाड्याने भागावे. येणाऱ्या तासांइतके जेसीबीचे काम दोन-तीन वर्षांत निघत नसेल, तर भाड्याने किंवा गटात मिळून घेणे परवडते. हिशेबात हेही धरावे की जेसीबीच्या एका तासाच्या कामाला मिनी ट्रॅक्टरला कितीतरी जास्त तास लागतात. अनुदान हवे असल्यास हे अवजार कृषी यांत्रिकीकरणाच्या यादीत बसते का ते सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारावे, महाडीबीटीवर अर्ज करावा आणि पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी.

वापरताना

- पहिल्या लो गिअरमध्ये, सावकाश चालवावे. दुरून वेगाने येऊन ढिगाला धडक देऊ नये.
- चाके फिरू लागली की ब्लेड थोडे उचलावे. रेस वाढवू नये.
- विहीर, नाला, शेततळे यांच्या काठापासून लांब राहावे. काठाची भर घातलेली माती खचते.
- उचललेल्या ब्लेडखाली कधीही जाऊ नये. थांबताना ब्लेड जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे.
- रोज पिनांना ग्रीस द्यावे. पहिल्या दिवसाच्या कामानंतर चौकटीचे सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत.
- पावसाळ्यापूर्वी पाते धुऊन, जुने ऑइल लावून ब्लेड लाकडी ओंडक्यावर ठेवावे.