‘लोखंडाने जमीन बाधते’: न खपलेल्या सहा नांगरांचा इतिहास

१/ कृष्णाकाठी एक हकीकत पिढ्यानपिढ्या हसत हसत सांगितली जाते. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होते, असे म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला आणि पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षे लागली. हकीकत प्रसिद्ध आहे. तिचा अर्थ मात्र पुन्हा तपासण्याजोगा आहे.

२/ लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. पुढे बेळगावात त्यांनी भावासह सायकलींचे दुकान चालवले, मग कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि त्यानंतर नांगर. यंत्र चांगले होते. तरीही ते पडून राहिले. आजच्या डिझायनरांना छळणारा प्रश्न तेव्हाही हाच होता: उत्तम वस्तू लोक वापरत का नाहीत?

३/ ‘अडाणी समजूत’ हे उत्तर सोपे आहे, पण त्यात एक अडचण आहे. लाकडी नांगराचा फाळ लोखंडाचाच असे. शेकडो वर्षे दरसाल हेच लोखंड जमिनीत शिरत होते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. म्हणजे ‘लोखंड’ या शब्दाआड शेतकरी दुसरेच काही सांगत होता.

४/ नेमके हेच वाक्य शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रापार बोलले गेले होते. १७९७ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सीत चार्ल्स न्यूबोल्ड यांनी ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथल्या शेतकऱ्यांनीही लोखंड जमिनीला विष घालते आणि तण माजवते, असे म्हणून पाठ फिरवली. त्यांना भारतीय अंधश्रद्धेची बाधा झाली होती असे म्हणता येणार नाही.

५/ न्यूबोल्ड यांचा नांगर जवळजवळ अखंड ओतलेला होता. एक भाग मोडला की सारा नांगर निकामी. पुढे १८१९ मध्ये जेथ्रो वुड यांनी सुट्या, बदलता येणाऱ्या भागांच्या नांगराचे पेटंट घेतले. हा नांगर चालला. लोखंड तेच होते, पण दुरुस्तीची सोय झाली आणि ‘विष’ हळूहळू विस्मरणात गेले.

६/ आता दख्खनकडे वळू. इथे नांगर घडवायचा सुताराने, फाळ शेवटायचा लोहाराने आणि मोबदला द्यायचा सुगीत, धान्याच्या बलुत्यातून. ऐन नांगरटीत हाळीस मोडली तर गावातच, रोख पैसा न मोजता ती नवी होई. लोखंडी नांगर या सगळ्या व्यवस्थेबाहेरचा होता. त्याची किंमत रोकड आणि त्याचा दुरुस्तीवाला बेळगावात!

७/ काळही पाहिला पाहिजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ नुकतेच सरले होते. चारा-पाण्याविना जनावरे मेली होती. साताऱ्याचा कुणबी सावकारी कर्जात इतका बुडाला होता की १८७९ मध्येच सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला होता. अशा घरात फसलेला प्रयोग म्हणजे एक हंगाम गेला आणि त्यासोबत कदाचित जमीनही.

८/ शिवाय दोन्ही नांगरांचे काम वेगळे होते. लाकडी नांगर माती फाडतो. पंख्याचा लोखंडी नांगर ती पालथी करतो. त्याने हरळीसारखे तण उपटून निघते, हा मोठा लाभ. पण खोल नांगरटीने खालची निकस माती वर आली, तर पहिले पीक उतरू शकते. शेजाऱ्याच्या शेतात असे घडलेले पाहणारा माणूस त्याला ‘जमीन बाधली’ असेच म्हणणार.

९/ वापरणारेही एकसारखे नव्हते. कृष्णाकाठच्या भारी काळ्या रानात जड लाकडी नांगराला सहा-आठ बैल जुंपावे लागत. ते जमवायला इर्जिक घालावी लागे, वारंगुळा करावा लागे. तिथे कमी बैलांत होणारी खोल नांगरट ही खरी सुटका होती. त्याच जिल्ह्यात, जिथे पुढे धरणासोबत कोयनानगर वसले, त्या खोऱ्यात उतारावरच्या भात-नाचणीच्या चिंचोळ्या तुकड्यांत हलके औतच सोयीचे. एकाचे वरदान दुसऱ्याला ओझे ठरणार होते.

१०/ उरला प्रश्न फाळाचा. मऊ लोखंड लवकर झिजते, कठीण लोखंड तडकते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये यावर तोड काढली होती: फाळाची खालची बाजू ओततानाच झपाट्याने थंड करून कठीण करायची आणि वरची मऊ ठेवायची. वरची बाजू आधी झिजते, त्यामुळे धार आपोआप टिकते. म्हणजे वापरणाऱ्याचा एक त्रास ओतशाळेतच संपतो.

११/ इकडे बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर निवडुंगाने भरलेला माळ दिला, कर्जही दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. रेल्वेच्या कडेचा कारखाना म्हणजे नांगर आणि त्याचे सुटे भाग दूरवर धाडण्याची सोय. बलुत्याबाहेरच्या यंत्राला आता स्वतःची वाट मिळाली.

१२/ १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. पुढे मराठीतले नामवंत मासिक झालेले हे नियतकालिक सुरुवातीला कारखान्याचे मुखपत्र होते. नांगर बनवणारा नांगर धरणाऱ्याशी छापील शब्दांतून बोलू लागला होता. तोवर ‘किर्लोस्करांचा नांगर’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्यांच्या तोंडी रुळत चालला होता.

१३/ या यशाचे श्रेय लक्ष्मणरावांच्या चिकाटीला आहेच. परंतु ‘जिद्दी उद्योजक आणि अडाणी शेतकरी’ अशी मांडणी केली की निम्मा इतिहास गळून पडतो. शेतकऱ्याने दोन वर्षे जे रोखून धरले, त्यात बैलांचा, रोकडीचा, दुरुस्तीचा आणि जमिनीच्या पोताचा हिशेब होता. तो हिशेब मांडायला त्याच्याकडे अहवाल नव्हता. एक वाक्य होते: लोखंडाने जमीन बाधते.

१४/ जुन्या कागदांत ‘रयतेची खुळचट समजूत’ असा शेरा आढळला, तर थांबून एवढेच विचारावे: ही वस्तू मोडली असती, तर ती कोणी नीट केली असती आणि नुकसान कोणाचे झाले असते? बहुतेक वेळा समजुतीचे मूळ त्या उत्तराच्या आसपास सापडते.